विंचमधल्या अक्षता

पेण, कोजागरीच्या आदल्या दिवशी

चि. हर्षद यास,

ताईचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? रोह्यात दिवसभर वाकून बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, तर पट्टा बांधत जा. डॉक्टर बदलून पाठ बदलत नाही. सुरभीला आशीर्वाद. इथे आम्ही दोघं आहोत. (बरी आहोत असं लिहिलेलं नाही, लक्षात घे.)

पत्रास कारण तुझ्या भावोजींची शिडाची बोट. ती विकायची आहे; गिऱ्हाईक बघ.

आता सविस्तर. बोटीला विंच कुठला बसवायचा यावर हे आणि ह्यांचे जिवलग दोस्त महमूदभाई आमच्या ओटीवर महिनाभर भांडले होते. (शिडाचा दोर गुंडाळून ताणायचा तो पितळी रहाट. एवढ्याशा वस्तूपायी मी किती चहा ओतला!) दुकानदाराने दोर आपला आपण धरून ठेवणारा विंच दाखवला. महमूदभाईंचा जन्म आखातातल्या जहाजांवर गेलेला. ते म्हणाले, "साधाच घ्या हो. एकाने दांडा फिरवायचा, एकाने दोर ओढून धरायचा. आपण दोगं हाव ना?" साधा घेतला. या श्रावणात महमूदभाई गेले. बोट खाडीकाठी उभीच राहिली.

खंडेनवमीला ह्यांनी अचानक विंच उघडला. सुटे भाग माझ्या परातीत रॉकेलने धुतले (ती परात कणकेच्या कामातून गेली). आतल्या ज्या खिट्ट्या विंचला उलटं फिरू देत नाहीत, त्यांना महमूदभाई पातळ तेलाचा थेंब देत. ह्यांनी बैलगाडीच्या आसाला थापावं तसं ग्रीस थापलं. वर हत्यारांची पूजा म्हणून त्या उघड्या विंचवर हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता! मी म्हटलं, पुसून मग बंद करा. तर म्हणे, पूजा मोडायची नसते. झाकण बसलं, अक्षता आत राहिल्या.

दसऱ्याला मला बळेच बोटीत बसवलं. खाडीत शिडात वारा भरला, ह्यांनी दांडा फिरवला, पण खिट्ट्या ग्रीस-तांदळात रुतलेल्या. विंच गर्रकन उलटा फिरला आणि दोर सुटला. हे ओरडले, "महमूद, दोर धर!"

मी मागे वळून पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं. तोवर बोट चिखलात शिरली आणि ओहोटी लागली. भरती येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून होतो. कोळीण बायजा होडी घेऊन आली. विंच उघडून बघत म्हणाली, "काय गो काकी, यंत्रान भात लावलाव काय?" एरवी हे हसले असते.

तेव्हापासून हे ओटीवर बसून असतात. जेवतात तेही मी दटावल्यावर. काल म्हणाले, हर्षदला लिही, बोट विकून टाक. म्हणून लिहिलं. बाकी ठीक नाही, पण चालू आहे.

तुझी,
ताई

ता. क. १ : वरचं सगळं ह्यांनी वाचून मान हलवली. इथून खालचं वाचलेलं नाही. गिऱ्हाईक बघू नकोस. आपणहून आलंच तर बोट गळते म्हणून सांग. खोटं बोलायला तुला माझी परवानगी लागत नाही.

ता. क. २ : रविवारी ये. खिट्टीची एक स्प्रिंग आण. मी विंच साफ करत असताना जुनी उडून खाडीत पडली. आणि दोर विंचवर कुठल्या बाजूने गुंडाळायचा, बोटं कुठे ठेवायची नाहीत, एवढं मला शिकव. दांडा ह्यांना फिरवता येतो. दोर मी धरणार आहे.