मुरघास आणि हुशार कावळे

२४ सप्टेंबर
मका कापून झाला. शेजारचे तोगाशी आणि मंडळी ट्रॅक्टर घेऊन आली. त्याची बारीक कुट्टी गोठ्यामागच्या सिमेंटच्या बंकरमध्ये दाबून भरली, वर काळं प्लास्टिक, त्यावर जुने टायर. आत आंबून गाईंसाठी हिवाळ्याचा मुरघास तयार होणार. संध्याकाळी मटण भाजताना सासऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं: यंदाचा मुरघास आमच्या जावयाच्या, रिकियाच्या हवाली. चांगला उतरला, तर नववर्षापासून गोठाही त्याचाच, मी सुटलो. घरजावई झाल्यापासून याचीच वाट पाहत होतो. बायकोने, मिसुझुने, टेबलाखालून माझा हात दाबला. आपला शत्रू एकच, हवा; ती लागली की मुरघास तापतो, सडतो. आत फिरकू देणार नाही.

२७ सप्टेंबर
झोप नाही. हवा आत गेली नाही, हे कळणार कसं? सासरे म्हणाले, कळत नसतं, गप्प बसायचं असतं. जुनी माणसं. समोरच्या बाजूला प्लास्टिकला छोटीशी चीर देऊन हात घातला. किंचित गरम. चीर टेपने बंद. टेप एक नंबर क्वालिटीचा.

३ ऑक्टोबर
चिरेपाशी जास्तच गरम! म्हणजे माझा संशय खरा होता. आणखी चार ठिकाणी चिरा देऊन पाहिलं. यापुढे एक दिवसाआड चेकिंग.

११ ऑक्टोबर
तोगाशींनी विचारलं, प्लास्टिकवर एवढ्या पट्ट्या कसल्या? म्हटलं, कावळे. म्हणाले, कमाल आहे बुवा तुमच्या कावळ्यांची, अगदी सरळ रेषेत चोच मारतात! मीही हसलो.
उद्यापासून चिरा तिरक्या द्यायच्या.

२० ऑक्टोबर
आज हाताला पांढरी बुरशी लागली. घाबरून चीर मोठी केली, तर खालीही बुरशी. मिसुझुला सगळं कळलंय. म्हणाली, बाबांना आत्ताच सांग, अजून वेळ आहे. तिला टेन्शन झेपत नाही. मी दोन टेप आणले.

४ नोव्हेंबर
बर्फ. मागच्या बाजूला शिडी लागेना, पाय घसरून आपटलो. तिकडचं चेकिंग एकदाही झालेलं नाही. तिकडचं काही खरं नाही.

१८ नोव्हेंबर
बंकर उघडला. समोरचा भाग काळा, चिकट, वाफाळलेला. गाईंनी वास घेतला आणि तोंडं फिरवली. मी कावळ्यांचं नाव घेतलं. सासऱ्यांनी एक टेप सावकाश सोलून काढला, घडी करून खिशात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तोगाशी फावडी घेऊन आले, दिवसभर सडका माल उपसला.
मागचा भाग मात्र पिवळसर, आंबूस, झकास. गाईंनी खाताना मान वर केली नाही. अर्धा हिवाळा तरी निभेल.

१९ नोव्हेंबर
मागचा भाग वाचला, म्हणजे निकाल अगदीच वाईट नाही. नववर्षाचा विषय आज स्वतःच काढायचा ठरवलं. अनुभव आलाय, आता मी तयार आहे, वगैरे वाक्यंही जुळवली. पण सासरे सकाळीच गावात गेले होते.
दुपारी परतले. स्वतःसाठी गोठ्यात घालायचे नवे गमबूट आणलेत. आतून लोकर, जाड तळवा. दुकानदार म्हणे, सहज दहा वर्षं जातील.