दादा आयफोनला हो म्हणाला!

भाग्यश्री,

कुकरची पहिली शिट्टी झाली. अजून दोन होईपर्यंत लिहून टाकते. काल दादाशी भांडलीस, सकाळी न बोलता क्लासला गेलीस आणि वर फोनही घरीच ठेवून गेलीस, म्हणून ही चिठ्ठी.

अगं, दादा हो म्हणाला! आयफोनच! आधी त्याचं तेच, "मोठ्या बॅटरीचा घे म्हणावं, त्या सफरचंदाला काय सोनं लागलंय?" तुझा फोन तिथंच चार्जिंगला होता. मी तो उलटा करून त्याच्यासमोर धरला. मागे तू चंदेरी सफरचंद चिकटवलंयस ना, ते बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वेडी आहे. पाच वाजता गंगापूर रोडच्या दुकानात ये म्हणावं."

आता त्याला चिडवू नकोस. रंग मात्र तूच निवड, त्याचं ऐकशील तर काळाच येईल. डब्यात थालीपीठ आहे, खाऊन जा.

तुझा जुना फोन मी वापरेन आणि माझा सॅमसंग कळवणला आईंना. त्यांना तोच हवाय, त्यात अक्षरं मोठी दिसतात म्हणे. सगळ्यांच्या मनासारखं झालं बघ!

फक्त आपली रेवा मघापासून पदर ओढून एकच विचारतेय, "आत्याला आयफोन आवडतो, आजीला सॅमसंग. आई, तुला कुठला आवडतो?"

वहिनी