स्टेशन आणि उघडणारी फळी

३ मार्च, मंगळवार
धाकट्या भावाचा फोन. बावीस तारखेला, रविवारी येणार. म्हणाला, ताई, एकटी कशी राहतेस ते बघतो, जमत नसेल तर सामान बांधू. न जमायला काय झालं? तोवर बाबांचं स्टेशन तयार ठेवते. बाबा स्टेशनमास्तर होते तेव्हा क्वार्टरच्या खिडकीतून दिसायचं, अगदी तसं.

५ मार्च
दुकानात छोट्या स्टेशनांची सहा किट पाहिली. चारांना धुराडी, एकाच्या छपरावर बर्फ. लांब व्हरांड्याचं घेतलं. दुकानदार म्हणाला, बाई, आधी जागा मोजा. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर माझ्या क्राफ्टवर कायम ‘नीटनेटकं’ असा शेरा देत, हे त्याला काय माहीत.
जागा डोळ्यांपुढे आहे. मागच्या खोलीत भिंतींच्या कडेने कमरेइतक्या उंच फळ्या, त्यांवर छोटे रूळ, मधे मी. आत-बाहेर करायला दारापाशी बिजागरीची फळी. उचलली की वाट. स्टेशन तिच्यावरच शोभेल.

१३ मार्च
स्टेशन फळीच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर, शेजारच्या फळ्यांवर येतं. उलट भारदस्त दिसतं. नुसतं टेकवून ठेवायचं, चिकटवायचं नाही. ठरलं.

१५ मार्च, सकाळ
गाडी गेली की हलतं. चिकटवलं.

१५ मार्च, दुपार
फळी उघडत नाही. मी आत. काही बिघडलं नाही, खालून रांगत बाहेर आले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाच होता. चालण्याचा, पण तेच ते.

१९ मार्च
रांगणं दिवसातून एकदाच. थर्मास, बिस्किटं, गोळ्या आत आणून ठेवल्या. ही सोय आहे, नाइलाज नव्हे. शेजारीण खिडकीतून म्हणाली, हल्ली दिसत नाही तुम्ही. बिझी आहे, म्हटलं.

२१ मार्च
व्हरांड्यात इवलासा बाक ठेवला. चिकटवायचा राहिला. सकाळची गाडी गेली की बाबा खऱ्या बाकावर बसून माझ्या वेण्या घालायचे. एक नेहमी वर, एक खाली.
फळीचं उद्या भाऊ यायच्या आधी बघते.

२२ मार्च, सकाळी १०
गुडघा धरलाय. वाकता येत नाही. बेल वाजतेय. एक हिसका दिला तर स्टेशन मोडेल, फळी उघडेल, मी हसत दार उघडीन. व्हरांड्याला हात लावला. काढून घेतला.
त्याच्याकडे किल्ली आहे.

दुपारी १२
भाऊ उंबऱ्यात उभा राहून बघत राहिला. किती वेळ आत आहेस, विचारलं. आत्ताच आले, म्हटलं. त्याने बिस्किटांचे रिकामे पुडे पाहिले. तोडू का, म्हणाला. म्हटलं, आधी नीट बघ तरी.
तो खालून रांगत आत आला. मग म्हणाला, बाक फलाटावरच्या नळाच्या बाजूला होता, ताई. खरंच की. त्यानेच सरकवला.
मग बाहेर पडायला वाकला आणि त्याची कंबर धरली. बायकोला फोन लावलाय.

दुपारी ४
भावजय करवत घेऊन आली. आधी विचारलं, चहा आतच देऊ का दोघांना?

२३ मार्च, भावाच्या घरी
स्टेशन दोन तुकड्यांत, चपलांच्या खोक्यात. बाक मात्र सापडत नाही. भाऊ म्हणतो, पडला असेल कुठेतरी. त्याच्या शर्टाच्या खिशातून एक बारीक पाय डोकावतोय. मी खोक्याला झाकण लावलं.
मला दिलेली खोली दहा बाय अकरा. चार दिवसच राहायचंय, म्हणून मापं नुसती लिहून ठेवली.