पंगत उठत नाही

५ ऑक्टोबर १९८६, रविवार

आलो एकदाचा मनोरीला. मार्व्याच्या बोटीत माझं सामान चढताना गंमत झाली, ती आधी लिहितो. कपाट, कॉट, शेगडी, दोन ट्रंका आणि कारखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. मुलुंडला जन्मभर भोंग्यावर पळवलं आणि सुटका झाल्यावर हातात घड्याळच दिलं, धन्य त्यांची. बोटवाला म्हणाला, कपाटाचं तिकीट वेगळं. मी म्हटलं, कपाट उभंच राहणार आहे, बसायला जागा मागत नाही. सगळी बोट हसली. तिकीट मात्र त्याने घेतलंच.

उत्तरा सोबत होती, तोंड फुगवून. तिचं म्हणणं, ज्या वयात माणसं लेकीजवळ आणि डॉक्टरजवळ येतात, त्या वयात बाबा खाडी ओलांडून निघाले. मी म्हटलं, मालवणला गेलो असतो तर काय केलं असतंस? इथून सकाळी निघालं तर मुलुंडला दुपारच्या जेवणाला पोचतो. ही वही तिनेच दिली. भिंतीशी बोलण्यापेक्षा यात लिहा म्हणाली.

घर लहान आणि कौलारू आहे. पुढे घरमालकीण कॉन्सेप्टाबाईंचं मोठं घर, त्यांच्या मागच्या वाडीत हे, पाहुण्यांसाठी बांधलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि समुद्राकडे तोंड करून एक लांबलचक पडवी, शेणाने सारवलेली. उत्तराच्या आईला हवं होतं तस्संच. संध्याकाळी पडवीत बसलो तेव्हा ती नाही याचं फार वाईट वाटलं.

६ ऑक्टोबर

इथे का आलो ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला.

मी निवृत्त झालो की दर्यावरच्या एखाद्या लहान गावात राहायचं, असं आमचं ठरलेलं होतं. मार्चमध्ये ती गेली. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसले होते, एक खाली येईल तर शपथ. मेव्हण्याने सांगून पाहिलं, पोरीला सांभाळू. उत्तराने सांगितलं, बाबांना सांभाळीन. ऊन चढत चाललं. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, ठरल्याप्रमाणे समुद्रावर घर घेतो, आणि तुझं पान वाढल्याशिवाय घास घेणार नाही. हात जोडलेले सोडायच्या आत कावळा शिवला.

तेव्हा हा शब्द आहे. ती जेवली तर मी जेवलो. आज दुपारी पडवीच्या टोकाला केळीचं पान मांडलं, भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. समुद्राकडे बघून म्हटलं, ये गं जेवायला. दोन कावळे आले. मग मी जेवलो.

११ ऑक्टोबर

झकास चाललंय. सकाळी वाळूवर चक्कर, मग कोळणीकडून मासळी, मग स्वयंपाक. हाताला चव आहे असं कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या. त्यांनाही माणूस नाही. नवरा सेबॅस्टियन पंधरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो आलाच नाही, देहसुद्धा मिळाला नाही. हे त्यांनी मांदेली साफ करता करता सांगितलं. मी म्हटलं, मांदेली ताजी आहेत.

दुपारचं पान रोज ठेवतो. रोज साफ होतं. बरं वाटतं.

१६ ऑक्टोबर

कावळे हल्ली खाली उतरत नाहीत. माडावर बसतात आणि पडवीकडे बघत राहतात, ओरडतही नाहीत. पान मात्र रिकामं होतं. मी हात धुऊन येईपर्यंत होतं.

कुत्रं असेल म्हणावं, तर कुत्रं पान फाडतं. हे पान जागच्या जागी, पुसल्यासारखं. माशाचे काटे नाहीत, आमसुलाच्या सालीही नाहीत. उन्हात सुकलं की पानावर पांढरं मीठ दिसतं. मीठ मी पानात चिमूटभरच वाढतो.

उत्तराची आई कढीपत्त्याचं पानसुद्धा वेचून बाजूला ठेवायची. आणि सोमवार कडक करायची. दोन्ही सोमवारी मी विसरून मासळी वाढली, तीही संपली. असो. तिकडे गेल्यावर कसला सोमवार.

२० ऑक्टोबर

पडवी ओली होते. पाऊस नाही, आणि भरतीचं पाणी वाडीपर्यंत येत नाही. तरी दुपारी पानाच्या मागे ओला डाग पडतो, मांडी घालून कुणी ओल्या अंगाने बसलं तर पडेल तसा.

काल एक होता. आज ओळीने बरेच आहेत, सारख्या अंतरावर, पंगतीला बसल्यासारखे. टोकाचा एक लहान आहे. लहान मुलाचा.

डाग सुकले की मीठ राहतं. मी झाडूने काढलं.

२३ ऑक्टोबर

भात पुरत नाही. एका माणसाचा शिजवायचो, आता मोठं पातेलं लावतो. पान वाढून येतो तोवर चुलीपाशी पातेलं रिकामं. माझ्या वाट्याला पेज किंवा बिस्किटं.

आज एक विचित्र झालं. मी एकच पान मांडलं होतं. परत आलो तर वाडीतली केळीची पानं कापून, धुऊन पडवीभर मांडलेली. शेंडा डावीकडे. मीठ, लिंबाची फोड, भाताची मूद, सगळं जागच्या जागी. मला मूद पाडता येत नाही, मी भात नुसता ओततो.

आणि स्वयंपाकघरात फळीवर एक वाटी झाकून ठेवलेली सापडली. आत दोन घास भात आणि तिखल्याचा रस. मी ठेवलेली नाही. भात आंबला होता, कालपरवाचा असावा.

२६ ऑक्टोबर, रविवार

उत्तरा आली होती. मला बघून दारातच रडायला लागली. म्हणाली, बाबा, अहो गळ्याची हाडं दिसतायत, खाता की नाही? दिवाळीला मुलुंडला चला म्हणून हट्ट धरून बसली. मी म्हटलं, येतो मागाहून. तिला वाट्टेल ती कारणं सांगितली.

दुपारच्या आत तिला बोटीत बसवून दिलं. ती पंगतीच्या वेळी इथे नको.

जाताना म्हणाली, स्वयंपाकघरात आईचा वास येतो हो. खोबरेल आणि अबोली. बोट लांब जाईपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो.

२८ ऑक्टोबर

कॉन्सेप्टाबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, पडवी बघून आल्या, क्रूस केला आणि मला ओरडल्या. दर्याच्या तोंडावर ताट उघडं ठेवायचं नाही, हे इथलं पोरगंही जाणतं. त्यांच्यात नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांचं जेवण करतात, पण घराच्या आत, दार लावून, आणि नाव घेऊन. ज्याचं नाव घ्याल तोच येतो. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय नावाने बोलावता?

मी म्हटलं, नावाने कसं बोलावणार? आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढे सगळा जन्म अगं आणि ऐकलंस का यावरच गेला. तिचं काही अडलं नाही, माझंही नाही. ये गं जेवायला, असंच म्हणतो.

त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, दर्यात गेलेल्या प्रत्येकाला कुणीतरी ये म्हणायचं राहिलेलं असतं. बिननावाचं बोलावणं त्या सगळ्यांना लागू. उपाशी आहेत ते, आले.

मी विचारलं, तुम्ही सेबॅस्टियनसाठी कधी ताट नाही ठेवलंत? पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "किती वेळा हात गेला. पण तो एकटा आला असता का, परबबाबा?"

२९ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. पडवीत जेवतात ते परके. मग माझी कुठे आहे?

दुपारी पडवीत गेलो नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला. मग बांगड्या. काचेच्या. तिला सवाष्ण म्हणून हिरवा चुडा भरून नेलं होतं. आवाज पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, मधे थांबत थांबत. परत आला. पुन्हा गेला.

ती वाढते आहे.

पहिल्या दिवसापासून इथेच आहे. मी बोलावलेल्या पाहुण्यांना वाढते आहे. फळीवरची वाटी तिची. सगळ्यांचं झाल्याशिवाय ती कधी बसली नाही, उत्तराच्या बारशालासुद्धा भांडी पडल्यावर जेवली. आणि ही पंगत उठतच नाही.

सारखं रडू येतं आहे.

३१ ऑक्टोबर

तीन पातेली भात. तरी पुरला नाही. डाग पडवीभर झाले, आता ओटीवरही आहेत.

वाटी तशीच. आंबलेली. फेकली की दुसरी झाकून ठेवलेली असते.

स्वयंपाक केला नाही तर? काल करून पाहिलं. चूल पेटवलीच नाही. दुपारी बांगड्यांचा आवाज रिकाम्या डब्यांतून फिरत राहिला, एकेक झाकण उघडत. तिच्या दारात पाहुणा उपाशी बसलाय आणि डब्यात काही नाही. तिची ती घालमेल मला ऐकवेना. आज शिजवलं.

२ नोव्हेंबर, रविवार

कॉन्सेप्टाबाई सेमेटरीत मेणबत्त्या लावायला गेल्या. जाताना बजावून गेल्या. आज आत वाढा, दार लावा, नाव घ्या. ज्यांचं नाव घेतलं नाही ती जातील.

तसंच केलं. आत पाट मांडला. दार लावलं. लाज वाटत होती, या वयात. म्हटलं, नलिनी.

बांगड्या थांबल्या.

पुन्हा म्हटलं, नलिनी, आत ये. बस. पुरे झालं आता.

दाराच्या पलीकडे ती आली. उंबऱ्याशी उभी होती, मला कळत होतं. मी कडी काढायला हात वर केला आणि तिच्या मागून पडवीतून कुणीतरी जड, पाण्याने भरलेल्या आवाजात म्हणालं — नलिनी. भात.

मग दुसरं. मग सगळेच.

३ नोव्हेंबर

त्यांना नाव मी दिलं. मीच.

आता दिवसभर हाका मारतात. नलिनी, वाढ. नलिनी, इकडे. ते लहान मूलसुद्धा. मी जन्मात एकदा घेतलं ते नाव, आणि आता —

तिचा पाय जमिनीला ठरत नाही. बांगड्या नुसत्या धावतात.

५ नोव्हेंबर

कॉन्सेप्टाबाई म्हणतात, बोट धरा, आत्ताच्या आत्ता मुलुंडला जा, घर बंद करते. दार लावून जाऊ कसा? ते उठणार नाहीत. ती त्यांना टाकून येणार नाही. पाहुण्याला अर्ध्या पानावर ठेवून उठणारी बाई नव्हे ती.

मी गेलो तर तिच्या बाजूचं कुणीच राहणार नाही.

तांदूळ संपत आला.

६ नोव्हेंबर

सुचलं. आमच्याकडे शेवटची पंगत घरच्यांची. यजमान बसला की मागाहून कुणाला घ्यायचं नाही. तो जेवून उठला की सगळे उठतात. मी एकदाही त्यांच्यात बसलो नाही. आत जेवलो, त्यांच्यानंतर. मग पंगत उठेल कशी?

दुपारी ओळीच्या टोकाला माझं पान मांडलं. पाणी आणायला वळलो तर पान नाही. पुन्हा मांडलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मांडलं तर डोळ्यांदेखत सरकत सरकत उंबऱ्याच्या आत गेलं.

ती मला बसू देत नाही.

तिला माहीत असणार, त्यांच्यात बसलेल्याचं काय होतं ते.

७ नोव्हेंबर

उत्तरा, ही वही तुला मिळेल. बाबांना कुणी नेलं नाही. चळ लागला नाही. तुझी आई उपाशी आहे गं. आठ महिने.

मी बसलो आहे. टोकाला, त्या लहान मुलाशेजारी. पान नाही, ती ठेवू देत नाही. न ठेवू दे. वही मांडीवर आहे. जमीन गार आहे, धोतर भिजलं, पाणी वर वर —

हाका बंद झाल्या. सगळे माझ्याकडे वळून बसलेत.

बांगड्या चुलीपाशी आहेत. हलत नाहीत. ती रडते आहे का — मी म्हटलं, नलिनी, शेवटचं वाढ आणि तूही पान घेऊन ये. आज माझ्याबरोबर बस. डावा हात पुढे केला आहे, उजव्याने लिहितोय, चालेल ना तुला, डाव्या हातावर —

येते आहे. सावकाश. एकेक बांगडी —

हातावर भात पडला. गरम आहे. आणि शेजारी कुणी तरी पाट ओढू