अप म्हणजे म्हणे वर

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लेकीचा, स्वरदीचा फ्रॉक मुठीत धरून पडले होते. काल हे गॅलरीत जाऊन पुण्याला फोन करत होते, अरुणावन्संना. “हिच्याजवळ राहिली तर हिच्यासारखीच अडाणी होईल. तूच ठेवून घे, इंग्लिश मीडियमला घाल.” चार वर्षांची पोर! आणि हिच्यासारखी म्हणजे? मी काय रोग आहे?

मग आत येऊन माझ्यापुढं इंग्लिशचं पुस्तक आपटलं. शनिवारी ह्यांच्या हवाई दलाच्या कॅम्पात बायकांची मीटिंग. उभं राहून इंग्लिशमधून बोलायचं, नाहीतर पोरगी पुण्याला. आधी शब्द शिकायचा — अप.

१३ नोव्हेंबर

अप म्हणजे म्हणे वर. बरं. ऊठ — गेट अप. एवढं पटलं. पण गप्प बस — शट अप. आटप — हरी अप. नाद सोड — गिव्ह अप. कागद फाडला तरी टेअर अप! फाडलेला कागद वर जातो का कधी? ह्या साहेबलोकांना खाली असं काही असतं का नाही?

म्हटलं, “अहो, मग पीठ मळणं पण अपच का?” तर म्हणे, “दिमाग मत खा.” आले मोठे मास्तर! स्वतः कॉर्पोरल, सार्जंटपुढं ‘येस सर’च्या पुढं गाडी जात नाही. माझं चुकलं की कानाखाली. त्याला मात्र इंग्लिश लागत नाही!

१४ नोव्हेंबर

स्वरदी बाहुलीला दटावते, “शट अप!” झालं की इंग्लिश मीडियम. कशाला पुणं?

१५ नोव्हेंबर, शनिवार

मीटिंग झाली. नवऱ्याचा हुद्दा तोच बायकोचा — मोठ्या साहेबांच्या म्याडम बसल्याशिवाय कुणी बूड टेकत नाही. सगळ्यांच्या नव्या, इथल्या चिकनकारी भरतकामाच्या साड्या, माझी आपली लग्नातली. माझं नाव पुकारलं. उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं उडालं!

म्याडम चांगल्या. “आराम से बेटा, हिंदी में बोलो. बच्चे कितने हैं?”

मग बोललेच. “एक बेटी है. ये उसको पूना भेज रहे हैं. मैं नहीं भेजूँगी.”

“इतनी छोटी को? मैं साहब से बात करती हूँ.”

मला वाटलं, देव भेटला. घरी येताना स्वरदीला जिलेबी घेतली.

१७ नोव्हेंबर

कसला देव! म्याडम साहेबांना बोलल्या. साहेब ह्यांच्या सार्जंटला. सार्जंटनं ह्यांना चारचौघांत उभं केलं — “पहले अपना घर सँभालो.” बायकांच्या मीटिंगमधलं बोलणं इथं ऑर्डर होऊन नवऱ्याच्या डोक्यावर येतं. मला कोण सांगणार?

हे घरी आले. ओरडले नाहीत. मारलं नाही. चौकातून मक्खन मलाई आणलेली, ती इकडची थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, स्वरदीला मांडीवर घेऊन भरवत बसले. मी पुस्तक काढलं तर म्हणाले, “राहू दे आता.” गोड आवाजात! लग्नाला पाच वर्षं झाली, हा आवाज मी कधी ऐकला नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

१८ नोव्हेंबर

उठले तर स्वरदी नाही. तिचे कपडे नाहीत. माझा फोन नाही. दाराला बाहेरून कडी. आम्ही भाड्यानं वरच्या मजल्यावर, आणि खालच्या घरमालकीणबाई भाचीच्या लग्नाला गेल्यात. ओरडून घसा बसला. खिडकीतून हात केले तर मागच्या शेतातल्या बाया हात हलवतात, हसतात — त्यांना वाटतं मी रामराम करते!

हे पान बटाट्याला गुंडाळून त्यांच्याकडं फेकते. मराठी इथं उत्तरेत कोण वाचणार? म्हणून हिंदीत.

जो भी पढ़े, मेरे भाई विश्वास को फ़ोन कर दीजिए. नंबर पीछे लिखा है. कहिए, अरुणा के घर पूना पहुँचे, मेरे पति मेरी बेटी स्वरदा को वहीं ले जा रहे हैं. मेरा दरवाज़ा बाद में खोलना. पहले फ़ोन.