शोमरोनी बाईचं अर्धं गाणं

पोलादपूर,
एप्रिल १९३३

प्रिय गोमा,

आपल्या लोकांत कोणी देव बदलला, कोणी गाव सोडलं, कोणी पलटणीत जाऊन डोईवरची टोपी बदलली, पण पाणी वरून ओतून घ्यायचं कोणाचंच सुटलं नाही. तू प्रार्थनामंदिरात गातोस, मी सभांत बोलतो, आणि ओंजळ दोघांनाही खालीच धरावी लागते. या एका गाऱ्हाण्यापुरते तरी आपण अजून सख्खे आहोत. पाकिटावर तुझं योहान हे नाव घातलंय, नाहीतर मिशनच्या आवारात पत्र कोणाच्या हाती पडायचं कोण जाणे. आत तू गोमाच. बायकोचा भाऊ म्हणून तुझा मान ठेवायला हवा, पण आज मी त्या मन:स्थितीत नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून अंगणात येरझाऱ्या घातल्या.

तुमचे महाडचे उपदेशक परवा इकडे आले होते. चहा घेता घेता सहज म्हणाले की तुझ्या गीतांचं पुस्तक पुण्यात छापून होतंय. मी म्हटलं, फार चांगलं झालं. मग ते म्हणाले की शोमरोनी बाईच्या गीताची शेवटची कडवी मिशनच्या मंडळाने गाळली, त्यांच्या जागी स्वर्गीय जळावरचं एक नवं कडवं घातलं, आणि चालही इंग्रजी दिली. कारण विचारलं, तर म्हणाले की गीतातल्या विहिरीचा अर्थ आत्म्याची तहान असा आहे, आणि बाहेरच्या मंडळींनी त्याचं राजकारण करू नये. बाहेरचा म्हणजे मी. तू काय बोललास, असं विचारल्यावर ते पेल्यात बघत राहिले. म्हणजे तू होकाराची मान हलवलीस. ती तू कशी हलवली असशील हेसुद्धा मला इथून दिसतं.

तुझ्या धर्माचा मी नाही, होणारही नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या शास्त्रातला तो अध्याय मी वाचलाय, आणि नीट वाचलाय. दुपारची वेळ आहे. चालून चालून दमलेला माणूस विहिरीच्या काठावर बसलाय. जिच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नाही अशी बाई घडा घेऊन येते, आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. उपदेश नंतर येतो गोमा, आधी तो पाणी मागतो. ज्या मंडळाला हे मागणं नको आणि नुसता उपदेश हवा, त्याने तो अध्यायच पुस्तकातून काढावा. तुझं गाणं कशाला कापतात?

तुझे वडील हैबतीमामा मला या दिवसांत फार आठवतात. गावदेवीच्या पालखीपुढे रात्रभर ढोल वाजवायचे आणि पहाट झाली की पायरीखाली उभं राहून प्रसाद झेलायचे. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा वाडीत तुला सगळ्यांनी शिव्या दिल्या. मामांनी एकच विचारलं, "तिकडं ढोल हाय का रे?" तू हो म्हणालास आणि त्यांचा ढोल उचलून नेलास. त्याच ढोलावर तू बिरवाडीच्या बाजारात गायलास, शिवथरच्या खोऱ्यात घरोघर गायलास. देव नको पण गाणं हवं म्हणून आमचे लोक तुझ्यामागून चालायचे. नाचणी दळताना तुझा येशू आमच्या बायकांच्या तोंडी असायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मग पुण्याहून साहेब आले, त्यांनी तुला ऐकलं आणि नेलं. आम्हाला अभिमान वाटला. तुझ्या गाण्याची तबकडी निघणार अशी बातमी आली तेव्हा चंद्रभागेने वाडीत गूळ वाटला. तुझी बहीणच ती.

गेल्या वर्षी मी पुण्यात तुझं गाणं ऐकायला आलो होतो. पुढची बाकं कोणाची आणि मागची कोणाची हे मी दारातच ओळखलं, तुला सांगत बसलो नाही. तू खुर्चीवर बसला होतास. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, शेजारी पेटी. आवाज तोच होता, उलट गोड झाला होता. पण तुझा पाय हलत नव्हता. मांडवात ज्याच्या टाचेने जमीन दणाणायची तो माणूस बूट जुळवून बसला होता. ढोल कुठंय विचारलं, तर म्हणालास की देवीपुढे वाजलेलं वाद्य मंदिरात चालत नाही. हे सांगताना तू हसलास. ते हसणं घेऊन मी घाट उतरलो. परत आल्यावर चंद्रभागेला फक्त एवढंच सांगितलं की तुझा भाऊ बरा आहे.

आता मूळ गोष्ट. ते गाणं कसं झालं हे तू मंडळाला सांगितलंस का? आमच्याच पडवीत झालं. चंद्रभागा आणि शेजारणी भात कांडत होत्या. तू ढोलावर बोटं ठेवून पहिलं कडवं टाकलंस:

पाणी दे गो बाई, वाटसरू मी तहानेला,
घडा बाटतो म्हणून कोणी सांगितलं तुला?

आणि थांबलास. तुझी रीतच ती. जाखडीच्या नाचात एका बाजूने सवाल टाकायचा आणि दुसऱ्या बाजूच्या जवाबाची वाट बघायची, तसा तू कांडणाऱ्या बायकांपुढे सवाल टाकायचास आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचा नाहीस. त्या दिवशी मुसळ न थांबवता चंद्रभागेने जवाब दिला:

थोराघरचा तू रे देवा, माझी सावली चालंल का?
माझ्या हातचं पाणी पिऊन गाव तुला बोलंल का?

तुझे डोळे भरून आले आणि तिने तुला टोमणा मारला, "रडतो काय रं, फुडलं म्हन." मग तू म्हणालास:

बोलू दे गो गाव सारं, बोलून त्याचं तोंड दुखंल,
आधी ओंजळ भर माझी, मग मी देव का ते कळंल.

कापलेली कडवी हीच ना? मग ऐक. त्यातली अर्धी कडवी तुझी नाहीत. ज्या बाईने मुसळाच्या ठेक्यावर देवाला सवाल केला तिची ती आहेत. स्वत:चा ढोल सोडायचा हक्क तुला होता, तू सोडलास. दुसऱ्याच्या तोंडचा जवाब गाळायला मान हलवण्याचा हक्क तुला कोणी दिला? आणि त्या बाईला गाळल्यावर तुझा येशू विहिरीवर एकटाच राहतो. त्याला पाणी कोण देणार?

मी भांडायला लिहितोय असं तुला वाटेल. भांडायचं असतं तर वर्तमानपत्रात लिहिलं असतं. कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं मी इतका वेळ टाळत होतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

यंदा वाडीचा झरा शिमग्याआधीच आटला. बायका नदीच्या पात्रात वाळू उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. शाळेजवळची विहीर लोकल बोर्डाची आहे, सर्वांना खुली असा कागद आहे, आणि कागदावर पाणी भरता येत नाही. महाडच्या तळ्यावर आपल्या लोकांनी ओंजळ भरली त्याला सहा वर्षं झाली, त्याचा दावा अजून कोर्टात पडलाय. म्हणून मी वाडीत सभा घेतल्या. इतिहास सांगितला, कायदा सांगितला, फ्रान्स आणि अमेरिका सांगितली. बायकांनी सगळं ऐकून घेतलं. मग तुझी बहीण उठली आणि चारचौघींत म्हणाली, "भाषन लय झाक झालं. पन ते आयकाया उभं ऱ्हावं लागतं. आमाला चालायचं हाय." त्यांनी आपसांत ठरवलंय. ईस्टरनंतरच्या रविवारी सकाळी सगळ्या जणी घडे घेऊन त्या विहिरीवर जाणार, आणि जाणार त्या तुझं गाणं म्हणत. तुझ्या देवाशी त्यांना काही देणंघेणं नाही. घाबरलेल्या माणसाला पाऊल टाकायला ठेका लागतो, आणि त्यांच्याजवळ तेवढा एकच आहे.

पण जवाब म्हणायला आधी सवाल हवा. विहिरीच्या पलीकडून कोणीतरी त्यांच्याकडे पाणी मागायला हवं, तेव्हा त्यांच्या हातात घडा उचलायचं बळ येतं. मी म्हणून बघितलं. सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. चंद्रभागा म्हणाली, "तुमी मागत नाय, हुकूम सोडता. आमचा गोमा मागायचा." तिला रात्री झोप नाही. गाव काठ्या घेऊन येईल हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. दिवसभर ती कांडते आणि तोंडातल्या तोंडात जवाब म्हणते. तुला लिही असं ती म्हणाली नाही, आणि म्हणणारही नाही. त्याच रविवारी पुण्यात तुझ्या पुस्तकाचा समारंभ आहे, तुला खुर्चीवर बसवून हार घालणार आहेत, हे मला उपदेशकांनीच सांगितलं. म्हणून हे पत्र आज लिहिलं. पुस्तक छापलं जाईल ते जाऊ दे. तू शनिवारच्या मोटारीने घाट उतर, रविवारी उजाडताना शाळेजवळच्या विहिरीच्या पलीकडच्या काठावर उभा राहा, आणि तुझ्या बहिणीकडे पाणी माग.

तुझाच,
महिपत