धोंडीचा बेडूक

२ ऑगस्ट
प्राजक्ता मॅडमनं ही डायरी देऊन आठवडा उलटला, अन् मी आज पहिलं पान उघडून राहिलो. रोज लिहीन म्हणतो, तेवढ्यात काहीतरी दिसते अन् मी तिकडे. बडनेऱ्यात चहा विकला, धारणीच्या जीपवर लटकलो, राजापेठेत क्लासेसच्या जाहिराती वाटल्या. टिकलो कुठंच नाही. मॅडमच्या संशोधनातलं हे काम मात्र आवडलं. कपाशीवरच्या फवाऱ्यानं बेडकांचं अन् सरड्यांचं काय होते, ते पाहायचं. अंगणात टब आहेत. काहींत फवारलेली माती, काहींत साधी. मॅडम अमरावतीहून येतात, औषध त्याच मिसळतात. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो, म्हणून विष त्याच्यात लवकर जिरते, असं त्या सांगत होत्या. मजा वाटली.

खोली चंद्रभानभाऊंची, दर्यापूर रस्त्यावर. भाऊ सारखे चिडवतात, "का बे अनुप, बेडकाईचा मास्तर झाला, आता त्याईले पाढे शिकव." कौशल्यावहिनीच्या झुणक्यासाठी तरी वर्षभर राहीन.

६ ऑगस्ट
पावसाचा पत्ता नाही. गावानं आज धोंडी काढली. बेडूक लिंबाच्या पाल्यात बांधून डोक्यावर घ्यायचा, घरोघर फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं. मग पाऊस येतो म्हणतात. पण बेडूकच मिळेना. नाल्यात नाही, विहिरीत नाही. भाऊ म्हणाले, तुह्याजवळचा एक दे, सांजेले वापस. साध्या मातीतला काढून दिला, हातानंच. धोंडी भाऊच झाले, कमरेला पाला बांधून नाचले. पाण्याचा पहिला गुंड, पितळी घागर, वहिनीनं ओतला. बेडकावरून पाणी भाऊंच्या तोंडावर आलं, तर लोकांना हसवायला त्यांनी ते गटागटा पिलं.

७ ऑगस्ट
ज्या टबातून बेडूक काढला होता, त्यातले बाकीचे सकाळी सगळे उताणे.

परवा ऊन लागून राहिलं म्हणून टब सावलीत सरकवले होते. मधेच मोर ओरडला, मी पाहायला गेलो. परत येऊन कोणता टब कुठं ठेवला, याच्याकडे लक्षच दिलं नाही. तो फवारलेला टब होता.

वहिनीला सांगतो. उद्या.

९ ऑगस्ट
सांगितलं नाही. भाऊ पाणी पीत नाहीत. पेला पुढे केला की मान फिरवतात. दिवसभर ढोरांच्या टाक्यात गळ्यापर्यंत बसून असतात अन् म्हणतात, तहान भागून राहिली. अंगाची कातडी ढिली, गुळगुळीत. नरड्याखाली काहीतरी फुगते, बसते.

वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबू, त्या बेडकाले काई लावलं होतं काय? खरं सांग."

मी नाही म्हणालो.

११ ऑगस्ट
भाऊंना अकोल्याला नेलं. डॉक्टरांना विषबाधेचा संशय, फवाऱ्याच्या औषधाचं नाव विचारतात, नाव कळलं तरच इलाज. मॅडम धारणीकडे, फोन लागत नाही. शेवटी वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. तिच्या मागून पाण्याचा आवाज येत होता. दवाखान्यात —

१२ ऑगस्ट
मॅडमचा फोन लागला. औषधाचं नेमकं नाव वहीत आहे, ती घेऊन उद्या अकोल्याला जाते म्हणाल्या, आधी टब पाहायला इकडं येतात. अन् म्हणाल्या, एका बेडकावरच्या तेवढ्याशा औषधानं माणसाला असं काही होतच नाही.

मग हे काय आहे?

दिवसभर पाणी पितो, घसा कोरडाच. आता बादलीत हात बुडवला, अन् —
तहान गेली.

१३ ऑगस्ट
गाव चूप. कुंपणावर एक सरडा नाही.

वहिनीचा फोन आला. "गेले," एवढंच. कट.

मी बादलीजवळच बसून आहे. हात बाहेर काढवत नाही, डाव्या हातानं लिहितो. मॅडम आल्या की त्यांना म्हणीन, मलाही —

दार वाजलं. मॅडम असतील.

मॅडम नाहीत. चंद्रभानभाऊ आले. डोक्यापासून पायापर्यंत ओले, अन् बाहेर तर थेंब नाही. वाकून बादलीत पाहून राहिले, अन् म्हणतात, सरक बे, मले जागा —